चर खणायला लावलाय, घर कधी बांधू?

मागच्या अंकात मी हार्पोलच्या हाराबद्दल लिहिलं होतं. ज्यांचा अंक चुकला त्यांच्यासाठी एका दमात सांगते, इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या हार्पोल गावाशेजारी नवी घरं होणार होती, त्याआधी जागेचं खोदकाम चाललेलं, काम जवळजवळ आवरत आलेलं आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये तिथे सातव्या शतकातल्या एका मोठ्या घरच्या बाईचं थडगं लागलं, त्यात सोनं, रोमन नाणी, लाल खडे वापरून केलेला किमान ३० पदकं-मण्यांचा हार. पत्रं भरपूर आली पण हाराबद्दल जवळजवळ कुणीच विचारलेलं नाही, सगळ्यांचे प्रश्न माती, पैसा आणि परमिशनचे. मला तर बरंच वाटलं. मी पुण्यात शिकले आणि मग सहा वर्षं इंग्लंडात असे चर खणले, त्यात सोन्याचा एक कण बघितला नाही, मातीचे पाइप मात्र पोतंभर बघितले, त्याचं पुढे येईलच.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही मूळचे नाशिकचे, बारा वर्षं झाली इंग्लंडात. केंब्रिजच्या पश्चिमेला एका खेड्यात जुन्या चर्चच्या मागे एकरभर जागा घेतलीय, दोन घरं बांधायचीत, एक राहायला एक विकायला. कौन्सिल म्हणतं आधी आर्किऑलॉजीवाल्यांकडून ट्रायल ट्रेंच, म्हणजे चाचणीचे चर, करून घ्या, खर्च तुमचा. आमच्या जागेत गवत सोडून काहीही नाहीये. हा खर्च आम्ही का करायचा? काही निघालं तर घर अडणार का? आणि निघालेलं कुणाचं? आमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणतो गुपचूप पाया खणून टाकू, कुणाला कळतंय.

उत्तर : आधी कॉन्ट्रॅक्टरला गप्प करा. प्लॅनिंगची अट मोडून काम सुरू केलं तर कौन्सिल काम थांबवू शकतं हे एक, आणि दुसरं म्हणजे तुम्हाला एक घर विकायचंय ना, घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा हेच विचारणार की सगळ्या अटी पूर्ण झाल्याचा कागद कुठंय, तेव्हा कॉन्ट्रॅक्टर पुढच्या साइटवर असेल आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

आता "गवत सोडून काही नाही". हे वाक्य मी इतक्या मालकांकडून ऐकलंय की आम्ही साइटवर चहा पिताना त्याची नक्कल करायचो, रागवू नका. गवत हे झाकण आहे हो. आणि तुमची जागा कुठे, तर जुन्या चर्चच्या मागे! इंग्लंडातल्या खेड्यात चर्च म्हणजे आपल्याकडे ग्रामदैवताच्या देवळाभोवतीचं गावठाण समजा, सात-आठशे वर्षांपूर्वीची वस्ती बहुतेक वेळा तिथंच गोळा झालेली असते, पुढे गाव आकसतं किंवा रस्त्याकडे सरकतं आणि जुन्या घरांच्या जागेवर मेंढ्या चरायला लागतात. परगण्याकडे, म्हणजे तिकडच्या काउंटीकडे, याची एक नोंदवही असते, कुणाला नांगरताना काय मिळालं, विमानातून काढलेल्या फोटोत पिकात कुठे रेघा दिसल्या, आधी कुणी कुठे चर खणला, सगळं नकाशावर. तुमचा अर्ज आला की त्यांचा पुरातत्त्ववाला तो नकाशा उघडतो आणि चर्चशेजारी रिकामी जागा दिसली की तो विचारणारच.

खर्च तुमचा का, तर त्याचीही गोष्ट आहे. १९८९ मध्ये लंडनला ऑफिसची इमारत बांधताना खाली जमिनीत रोझ नावाचं थिएटर लागलं, शेक्सपिअरच्या काळातलं, त्यावरून नट, प्रेक्षक, पेपरवाले सगळे रस्त्यावर आले आणि सरकारची पंचाईत झाली कारण परमिशन आधीच देऊन बसलेले. त्यानंतर १९९० च्या नोव्हेंबरात पीपीजी १६ नावाची सूचना निघाली, तिचा गाभा एवढाच की बांधायची परवानगी द्यायच्या आधी खाली काय आहे ते बघा, आणि ज्याच्या बांधकामाने ते मोडणार आहे त्याने बघण्याचा खर्च उचला. सूचनेचं नाव नंतर बदलत गेलं, २०१२ पासून ते राष्ट्रीय प्लॅनिंग धोरणात आहे, पण चाल तीच. मोठ्या बिल्डरला हा खर्च जाणवत नाही, तुमच्यासारख्या दोन घरंवाल्याला टोचतो, हे मला मान्य आहे आणि याबाबतीत तिकडची पद्धत छोट्या माणसाला जरा जडच जाते असं माझं मत आहे.

पण किती खणणार ते बघा म्हणजे धसका कमी होईल. अख्खी जागा उकरत नाहीत. साधारण दोन ते पाच टक्के जागा बघतात. तुमचं एकर म्हणजे आपले ४० गुंठे, धरा ४,००० चौरस मीटर, त्याचे पाच टक्के म्हणजे २०० चौरस मीटर, चर दोन मीटर रुंद धरला तर एकूण लांबी १०० मीटर, म्हणजे २५-२५ मीटरचे चार चर. तुमच्या जागेत हे बहुतेक दोन-चार दिवसांचं काम आहे, रिपोर्टला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो, तो हिशेबात धरा.

काम कसं चालतं ते सांगते कारण ते बघायला तुम्ही जावं असं मला वाटतं. आपण ज्याला पोकलेन म्हणतो तसं मशीन येतं पण त्याच्या बकेटला दात नसतात, सपाट धार असते, कारण दातांनी जमीन ओरबाडली तर रंग दिसत नाहीत. मशीन मागे मागे सरकत जातं आणि माती साय काढल्यासारखी पातळ पातळ ओढतं, समोर एक माणूस उभा, डोळे जमिनीला चिकटलेले, हात वर केला की मशीन थांबलं पाहिजे. वरची काळी माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, मिसळायची नाही, कारण परत त्याच क्रमाने भरायचीय. गुडघ्याएवढं, फार तर मांडीएवढं खाली गेलं की माणसाने कधी हात न लावलेली माती लागते, तुमच्याकडे बहुतेक पिवळट-करडी चिकणमाती. खोदकामवाले तिला नॅचरल म्हणतात. तिथे थांबायचं.

आणि मग त्या पिवळ्यावर काळपट डाग दिसतात. एकदा खणलेला खड्डा परत भरला तरी त्यातली माती आजूबाजूच्या मातीसारखी कधी होत नाही, दोन हजार वर्षांनी पण नाही, जुन्या नऊवारीला ठिगळ लावलं की ते कितीही धुतलं तरी ठिगळच दिसतं तसं. गोल छोटा डाग म्हणजे लाकडी खांबाचा खड्डा असू शकतो, लांब पट्टा म्हणजे शेताच्या बांधाची चारी, लांबट चौकोनी आणि पूर्व-पश्चिम असेल तर सगळे जरा हळू बोलायला लागतात कारण ते थडगं असू शकतं. या डागातला खड्डा अर्धाच खणायचा. करंजी मोडल्याशिवाय सारण कळत नाही आणि अख्खी खाऊन टाकली तर दाखवायला काही उरत नाही, म्हणून अर्धी मोडून मधली बाजू बघायची, थापीने ती भिंत साफ करायची, थर मोजायचे, काढायचे, फोटो, नंबर, आणि उरलेलं अर्धं तसंच.

आता ते पाइप. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात शेतातलं पाणी काढायला भाजलेल्या मातीचे पाइप ओळीने पुरले, असंख्य शेतांत, त्यामुळे चरात सरळ काळा पट्टा दिसला की दहातले आठ वेळा खाली पाइप निघतो आणि सगळ्यांचं तोंड पडतं. माझ्या दुसऱ्याच साइटवर मी असाच एक पट्टा बघितला आणि तोऱ्यात वहीत लिहिलं, पाइप. रात्री पाऊस पडला. सकाळी गेलो तर ओल्या मातीत रंग उठून आलेला आणि माझा तो सरळ पट्टा चक्क वळत होता, चराच्या एका भिंतीतून आत येऊन दुसऱ्या भिंतीत जाणारा कमानीसारखा. पाइप वळत नाहीत. ती लोहयुगातल्या गोल घराभोवतीची पागोळ्यांची चारी होती. आमचा सीनिअर काही बोलला नाही, त्याने माझी वही घेतली, पान उलटलं, थापी माझ्या हातात दिली आणि चहाला निघून गेला. तेव्हापासून कोरडी माती बघून मी काहीही ठामपणे लिहीत नाही.

तुमच्या प्रश्नावर येते. घर अडणार का? बहुतेक वेळा नाही. काही नाही निघालं तर रिपोर्ट जातो, अट सुटते, बांधा. काही निघालं तर एकतर घराच्या जागेपुरतं पूर्ण खोदकाम करून नोंद करतात, किंवा घर थोडं सरकवतात, किंवा पाया असा बदलतात की खालचं न मोडता राहील. परवानगीच नाकारणं फार क्वचित. दोन गोष्टी मात्र स्वतःहून करा. चरांचा नकाशा तुमच्या इंजिनिअरला द्या, भरलेला चर खचतो आणि नेमका भिंतीखाली आला तर पुढे तडे तुमच्या प्लास्टरला जातील. आणि पुढच्या वेळी जागा घ्यायच्या आधी परगण्याची ती नोंदवही बघा, हे मी तुम्हाला उशिरा सांगतेय, पण दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल.

निघालेलं कुणाचं, तर साधी खापरं, हाडाची सुई, रोमन कौलाचा तुकडा हे जमीनमालकाचं, म्हणजे तुमचंच. ते तुमच्याकडून लिहून घेऊन म्युझियमला देतात, द्या, तुमच्या शोकेसमध्ये त्या तुकड्याला काही अर्थ नाही. सोन्याचांदीची ३०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू असेल तर १९९६ चा ट्रेझर कायदा लागतो आणि १४ दिवसांत कळवावं लागतं. माणसाची हाडं कुणाच्याच मालकीची नाहीत, ती हलवायला न्याय खात्याचं लायसन्स लागतं.

आणि चर कोरा निघाला तर पैसे पाण्यात गेले असं म्हणू नका. तुमच्याच भागात कॅम्बोर्न म्हणून नवं गाव वसवलं. त्या जड चिकणमातीवर जुन्या काळी कोण राहणार असंच लोक धरून चालायचे कारण तसल्या मातीत विमानाच्या फोटोत पण रेघा नीट उमटत नाहीत, आणि बांधकामाआधी खणून बघितलं तर लोहयुगातली आणि रोमन काळातली शेतकऱ्यांची घरं एकामागून एक. तेव्हा कोऱ्या चराची नोंद पण त्याच वहीत जाते, इथे बघितलं, इथे नाही. ही "नाही" मिळवायला खणावंच लागतं.

प्रश्न : मी पुण्यात सिव्हिल इंजिनिअर आहे. आम्ही रस्त्याखालच्या केबल शोधायला रडार फिरवतो. चर खणून नासधूस कशाला, तेच फिरवा की.

उत्तर : फिरवतात, सर. इंग्लंडात तर चर आखायच्या आधी मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतलं चुंबकत्व मोजणारं यंत्र, घेऊन माणूस शेतभर चालतो, जळलेली माती, भट्टी, मोठी चारी छान दिसते आणि मग चर नेमके त्यावर आणि थोडे मुद्दाम रिकाम्या वाटणाऱ्या जागेवर टाकतात. रिकाम्या जागेवर का, तर मशीनला खांबाचे छोटे खड्डे, थडगी हे बऱ्याचदा दिसत नाही. आणि मशीन तुम्हाला आकार सांगेल, वय नाही सांगणार, ती चारी रोमन की आजोबांच्या काळातली हे तळातलं खापर हातात आल्यावरच कळतं. आपल्याकडे अजून एक गोची आहे, आपल्या काळ्या चिकण मातीत रडारची लाट थोड्याच खोलीत मरते आणि बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्यामुळे मॅग्नेटोमीटर गोंधळतो. तुम्ही केबल शोधता तेव्हा केबल आहे हे तुम्हाला आधी माहीत असतं, हा फरक.

प्रश्न : ताई, मी प्रवरेकाठच्या एका गावातून लिहितोय. गावाबाहेर आमच्या भावकीच्या रानात पांढरीचं टेकाड आहे. आज्याच्या काळापासून लोक तिथली माती गाड्या भरून रानात टाकतात, पीक चांगलं येतं. आता तिथं सपाट करून मंगल कार्यालय बांधायचं ठरलंय. जेसीबी लावला तर राख, लाल खापरं आणि एक मोठा रांजण आडवा निघाला. चुलते म्हणतात कुणाला सांगू नको, सरकार जमीन घेईल. खरंय का? काय करू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा एक सांगा, रांजण अजून जागेवर आहे ना? असेल तर जेसीबी आजच्या आज लांब उभा करा आणि रांजणाला कुणी हात लावू नका, आत काय आहे बघायला तर अजिबातच नको, पोरांना तिथं खेळायला सोडू नका.

का सांगते. तुमच्या नदीवरच जोर्वे आहे, संगमनेर तालुक्यात, तिथे १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खणलं आणि त्यावरून साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे नाव पडलं. ती खापरं तुम्ही स्वतः ओळखू शकाल, लाल रंग, त्यावर काळी नक्षी, चांगली भाजलेली, नखाने टिचकी मारली तर खणखण वाजतात, धातूसारखी. त्याच लोकांचं घोड नदीवरचं इनामगाव १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं खणलं, तिथे लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवून त्यात मूल, आणि ते घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांचे घोट्याखालचे पाय तोडून पुरलेले सापडलेत. तेव्हा आडवा रांजण म्हटल्यावर मला धान्याचा रांजण आधी नाही आठवत. असेलही धान्याचा, पण आधी नीट बघू द्या.

तुमचा शब्द किती बरोबर आहे बघा, पांढरी. आपल्याकडे गावाची जमीन दोन नावांनीच ओळखतात, काळी म्हणजे पिकाची आणि पांढरी म्हणजे माणसं राहिली तिची. ती माती राखाडी-पांढुरकी कशाने झाली, तर शेकडो वर्षांची चुलीतली राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडं, कचरा. म्हणूनच ती रानात टाकली की पीक जोमात येतं, तुमचे आजोबा काही चूक सांगत नव्हते. इंग्लंडवाले ज्यासाठी चार दिवस मशीन लावून डाग शोधत बसतात ते आपल्याकडे पोराबाळांना पण माहीत असतं, ती बघा पांढरी, आणि तरी आपण ती ब्रासच्या भावाने ट्रॉलीत भरतो. माझी आजी सारवायला पांढरीची माती आणायची, त्यात निघालेली खापरं आम्ही लगोरीला लावायचो, म्हणजे बोट दुसऱ्याकडेच दाखवत नाहीये.

आता भीतीचं. खापर निघालं म्हणून जमीन सरकारची होत नाही. एखादी जागा संरक्षित करायची असेल तर सरकारला आधी तशी नोटीस काढावी लागते, केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात हरकत घ्यायला दोन महिने दिलेले आहेत, आणि संरक्षित झाली तरी सातबाऱ्यावरचं नाव त्यामुळे जात नाही. बंधनं येतात हे मात्र खरं आणि ते लपवून मी तुम्हाला फसवणार नाही, केंद्राने संरक्षित केलेल्या जागेच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी घेऊन. पण प्रत्येक पांढरी संरक्षित होत नाही, फारच थोड्या होतात.

न सांगण्यात जास्त धोका आहे. नाणी, दागिने असं किमती काही निघालं तर १८७८ चा जुना ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं (दहाच, तेव्हाचे!) काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. कळवलंत आणि पुरणाऱ्याचा कुणी वारस पुढे आला नाही, तुमच्यात दुसरा काही करार पण नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा, आणि सरकारला ते हवं असेल तर सरकार धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेतं. दडवलंत तर हिस्सा गेला आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुमच्याच प्रवरेवर दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं खोड उकरताना एका शेतकऱ्याला काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा अशा भरीव वजनदार मूर्ती लागल्या, त्या वितळून भांडी झाली असती तर आज प्रवरेचं नाव पुस्तकांत वेगळंच असतं.

करायचं काय ते सांगते. रांजणाचे फोटो काढा, शेजारी पट्टी नाहीतर पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे आकार कळेल, एक फोटो लांबून, टेकाड आणि एखादं झाड दिसेल असा. जेसीबीने कापलेली उभी भिंत असेल तिचाही काढा, त्यात राखेचे थर पुरणपोळीसारखे एकावर एक दिसतील. निघालेली खापरं धुवू नका, पिशवीत घाला, कुठून निघाली ते चिठ्ठीवर. पाऊस यायच्या आत रांजणावर ताडपत्री. मग तहसीलदारांना लेखी द्या आणि त्याची पोच घ्या, एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याला, एक डेक्कन कॉलेजला. लोक यायला वेळ लागतो, हे मी स्वतः भोगलंय, एकदा एका कचेरीत माझाच अर्ज तीन महिने एका टेबलावर चहाच्या कपाखाली होता, म्हणून पोच घ्या म्हणते.

आणि मंगल कार्यालय? टेकाडाच्या बाजूला काळीत बांधा ना. भावकीला हे पटवायचं असेल तर देवधर्माची गोष्ट नका करू, इंजिनिअरला विचारून सांगा, पांढरीची भुसभुशीत भर पाया धरत नाही, खाली कुठे राखेचा खड्डा आला की भिंत बसते.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो. आमच्या काळात धरणं झाली, गावंच्या गावं पाण्यात गेली, देवळं गेली. तेव्हा कुणी चर खणायला सांगितलं नाही. आपल्याकडे हे कधी झालंच नाही का?

उत्तर : झालं ना, आणि जगाने बघावं असं झालं. कृष्णेवर नागार्जुनसागर बांधायचं ठरलं तेव्हा खाली इक्ष्वाकू राजांची तिसऱ्या-चौथ्या शतकातली राजधानी होती, नागार्जुनकोंडा. तिथे १९५४ ते १९६० असं पाण्याशी शर्यत लावून खणलं, विहार, स्तूप, घाट, खेळाचं मैदान, आणि त्यातलं निवडक उचलून वरच्या डोंगरावर परत रचलं, तो डोंगर आता बेट आहे आणि म्युझियमला होडीने जावं लागतं. पण ते एका धरणापुरतं झालं, नियम झाला नाही. घर, रस्ता, गोडाऊन बांधायच्या आधी खाली बघा असा सरसकट नियम आपल्याकडे आजही नाही, जे संरक्षित आहे तेवढं वाचतं, आणि संरक्षित तेच होतं जे आधीच कुणाला माहीत असतं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक सेल्फीला गर्दी करतात, ते दगडाचं होतं म्हणून दिसतं तरी. त्याच्या आजूबाजूची पांढरी दरवर्षी थोडी थोडी विरघळत असणार, तिचा फोटो कोण काढणार. तुमच्याकडे जुने सर्व्हेचे नकाशे, बुडालेल्या गावठाणांच्या आठवणी असतील तर लिहून पाठवा, खरंच पाठवा, इथे छापू.

प्रश्न : ताई, मी पुण्यात आर्किऑलॉजीत एमए करतोय. इंग्लंडात खोदकामाची नोकरी मिळते असं ऐकलं. जाऊ का?

उत्तर : जा, पण डोळे उघडे ठेवून. तुला वाटतंय तू खणायला चाललायस, तू निम्मा वेळ लिहिणार आहेस, प्रत्येक खड्ड्याला नंबर आणि प्रत्येक नंबरला कागद. बांधकामाच्या साइटवर जायचं तर सेफ्टीची परीक्षा देऊन कार्ड काढावं लागतं, ते नसेल तर बऱ्याच ठिकाणी गेटवरून परत. कॉन्ट्रॅक्ट छोटी, आज एका परगण्यात उद्या दुसऱ्या, आणि नोव्हेंबरात चरात पाणी भरलं की स्पंजने टिपून काढून मग फोटो. गुडघ्याखाली घ्यायची गादी चांगली घे आणि चार इंची थापी स्वतःची, दुसऱ्याची थापी कुणी मागत नाही. शिकायला मिळेल ते मात्र मातीचा रंग, तो पुस्तकात नाही. आपले पुरातत्त्वज्ञ सांकलिया सर पण लंडनला पीएच.डी. करत असताना मॉर्टिमर व्हीलर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाच्या मेडन कॅसलच्या, म्हणजे तिकडच्या लोहयुगातल्या किल्ल्याच्या, खोदकामावर गेले होते आणि मग येऊन त्यांनी डेक्कन कॉलेजात काय केलं ते तुला माहितीय. आईला सांग थालीपीठाची भाजणी भरपूर दे, साइटवर गरम काही मिळत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. एवढं खणून सापडतं तर परत बुजवून का टाकतात?

उत्तर : कारण उघड्यावर ते मरतं. मातीखाली हवा कमी, ऊन नाही, ओल सारखी, तिथे ते हजारो वर्षं टिकलं, उघडं ठेवलं तर दोन पावसाळ्यांत भिंत ढासळेल. शिवाय चरात गाय पडेल, तू पडशील. आणि अर्धी करंजी आठवतेय ना वरची? उरलेली अर्धी पुढच्या कुणासाठी, ज्याच्याकडे आमच्यापेक्षा चांगली साधनं असतील. पण त्याला कळायला हवं की इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय, नाहीतर तो आमच्या भरलेल्या मातीलाच जुनी समजेल. म्हणून बुजवताना आम्ही कधी कधी तळाशी नवं नाणं टाकायचो. माझ्या शेवटच्या चरात मी २०११ ची एक पेनी टाकलीय, आणि पेनीशेजारी, कुणाला न सांगता, आपलं एक रुपयाचं नाणं. तो बिचारा फार गोंधळणार आहे.